रोमनांचा वेढा : डोर्सेटपासून बेतारपर्यंत

पेसाहच्या सुट्टीत आमच्या परिचयाच्या एका घरी आम्ही चहास गेलो होतो. घर एजवेअरमधलेच, स्टेशनापासून पायी दहा मिनिटांच्या अंतरावर. त्या घरची अकरा वर्षांची नात जमिनीवर बसून शाळेच्या वहीत मसादाचा डोंगर रंगवीत होती. डोंगर तपकिरी, आकाश निळे, आणि खाली रोमन सैनिकांच्या लाल अंगरख्यांची रांग. चित्र झकास साधले होते, पण चित्रकार खिन्न दिसली. चौकशी करता कळले, की वर्गातील कोणी तिला सुनावले होते : "तुमचे लोक तर तेव्हा हिंदुस्थानात होते. मसादाशी तुमचा काय संबंध?"

पोरीने हा प्रश्न आजीपुढे ठेवला होता. आजी रेवदंड्याच्या. त्यांनी तो आमच्याकडे सरकविला. "भाऊ, तुम्ही पेपरात लिहिता ना, मग तुम्हीच सांगा हिला." चहाचा कप संपेपर्यंत देता येईल असे उत्तर आमच्याजवळ नव्हते. म्हणून या खेपेचे सदर त्या प्रश्नासाठी राखले आहे.

प्रथम एक गोष्ट मान्य करू. वर्गातील त्या मुलाचे गणित चुकलेले नाही. नौगावच्या किनाऱ्यावर फुटलेले गलबत आणि त्यातून वाचलेली सात जोडपी ही आपली परंपरा. हाईम सॅम्युएल केहिमकरांनी आपल्या इतिहासग्रंथात या आगमनाचा काळ इ. स. पूर्व १७५ च्या सुमाराचा धरला. तो मानला तर मसादा पडला तेव्हा आपल्या पूर्वजांना कोकणात तेलघाणे फिरवू लागून अडीचशे वर्षे होत आली होती. शनवार तेली मसादाच्या तटावर उभा नव्हता. तेव्हा गडावर कोण होते हा प्रश्न घटकाभर बाजूला ठेवून, गडाच्या पायथ्याशी कोण होते ते विचारून पाहू. ह्या प्रश्नाचा माग काढीत गेल्यास तो आपल्याच दारावरून जातो, असे आमच्या ध्यानी आले.

एजवेअरच्या हाय स्ट्रीटवरून उत्तरेकडे चालू लागावे. स्टोनग्रोव्ह मागे पडले की चढण लागते. ही ब्रॉक्ली हिल. ज्याला आज ए-५ म्हणतात, ज्याच्यावरून आपण मार्बल आर्चला जातो, तो सरळसोट रस्ता म्हणजे रोमनांचा वॉटलिंग स्ट्रीट होय. रोमन काळच्या एका प्रवासमार्गांच्या यादीत लंडनपासून बारा रोमन मैलांवर आणि वेरुलामियम, म्हणजे आजचे सेंट ऑल्बन्स, येथून नऊ मैलांवर 'सुल्लोनियाकी' नावाचा मुक्काम नोंदलेला आहे. तो ह्या टेकडीवर होता. टेकडीवर अस्थिरोगांचे मोठे रुग्णालय आहे; तेथे १७५० साली विल्यम शार्प नावाच्या गृहस्थाने एक दगडी स्तंभ उभारला. येथल्या लोकांनी आपल्या कासिव्हेलॉनस राजाच्या नेतृत्वाखाली ज्युलियस सीझरशी झुंज दिली, असा त्यावरील लेखाचा आशय आहे. विसाव्या शतकात टेकडी खणली गेली तेव्हा हाती आल्या त्या कुंभारांच्या भट्ट्या. आपल्याकडे पाटा-वरवंटा, तशी त्यांची वाटणाची खोलगट भांडी : आतल्या बाजूस बारीक खडे बसवून खरखरीत केलेली, आणि काठावर कुंभाराच्या नावाचा शिक्का. 'माटुगेनुस, आल्बिनुसचा पुत्र' अशा नावाचा कुंभार येथे भांडी घडवीत असे आणि त्याचा माल उत्तरेकडील लष्करी ठाण्यांपर्यंत जाई. आमच्या घरातल्या पाट्याला टाकी लावणाऱ्याचे नाव आम्हांस ठाऊक नाही. एकोणीसशे वर्षांपूर्वीच्या ह्या शेजाऱ्याचे मात्र ठाऊक आहे.

असो. रस्ता महत्त्वाचा. लंडनहून वायव्येकडील छावण्यांकडे जाणाऱ्या पलटणींसाठी तो बांधला गेला. ज्या लष्कराने तो बांधला त्याच्या सेनापतींपैकी एक होता वेस्पासियन.

इ. स. ४३ मध्ये रोमनांनी ब्रिटनवर स्वारी केली, त्या वेळी हा वेस्पासियन दुसऱ्या लीजनचा प्रमुख होता. लीजन म्हणजे सुमारे पाच हजारांची पलटण. चरित्रकार स्वेतोनियस लिहितो, की त्याने ब्रिटनमध्ये तीस लढाया दिल्या, दोन बलाढ्य टोळ्या नमविल्या, वीसहून अधिक कोट घेतले आणि आइल ऑफ वाइट जिंकले. हे कोट इंग्लंडच्या दक्षिण-नैर्ऋत्य भागातले, टेकड्यांवरचे. डोर्सेटकडे गेलेल्या वाचकांनी त्यांतला मेडन कॅसल पाहिला असेल. नाव कॅसल, पण तेथे दगडी भिंत नाही. टेकडीच्या कमरेभोवती एकामागून एक खणलेले प्रचंड खंदक आणि मातीचे बांध. आत सत्तेचाळीस एकर जागा. राजगडाच्या माच्या पाहिलेल्या माणसाला हे बांध प्रथम किरकोळ वाटतात, आणि प्रत्यक्ष चढू लागल्यावर मत बदलते.

१९३४ ते १९३७ या वर्षांत मॉर्टिमर व्हीलर यांनी पत्नी टेसा यांच्या साहाय्याने मेडन कॅसल खणला. (टेसाबाई १९३६ साली, काम चालू असतानाच वारल्या.) हे व्हीलरसाहेब आपल्या वडीलधाऱ्यांना अपरिचित नसावेत; १९४४ ते १९४८ ते हिंदुस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे महासंचालक होते, आणि पाँडिचेरीजवळ अरिकमेडू येथे त्यांनी रोमन भांडी खणून काढली. मेडन कॅसलच्या पूर्व दरवाजाशी त्यांना घाईने पुरलेले सांगाडे सापडले. कवट्यांवर वार होते, एकाच्या पाठीच्या मणक्यात लोखंडी टोक रुतलेले होते. जवळच गोफणीच्या गोट्यांचे ढीग होते. चेसिल किनाऱ्यावरून आणलेल्या ह्या गोट्यांची एकूण गणती वीस हजारांच्या वर गेली. व्हीलरांनी सांगितलेली कथा अशी : वेस्पासियनची यंत्रे दरवाजावर बाण सोडीत आहेत, आतले लोक गोफणी फिरवीत आहेत, दरवाजा पडतो, कत्तल होते, आणि रात्री वाचलेले लोक आपले मुडदे गाडतात. ती कथा इतकी सुरेख होती की दोन पिढ्यांच्या शाळकरी मुलांनी ती पाठ केली.

ती टिकली नाही. १९८५-८६ च्या उत्खननानंतर शंका बळावल्या, आणि २०२५ साली बोर्नमथ विद्यापीठाच्या संशोधकांनी हाडांचे कालमापन नव्याने करून दाखविले, की ही माणसे एका दिवशी मेलेली नाहीत. इ. स. पूर्व पहिल्या शतकाच्या अखेरीपासून पुढच्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत, निरनिराळ्या वेळी, बहुधा आपसांतल्याच लढायांत ती पडली. वेस्पासियन तोवर आलाच नव्हता. म्हणजे ब्रॉक्ली हिलवरच्या स्तंभापासून व्हीलरांपर्यंत, दगडात कोरलेली आणि ग्रंथात छापलेली कथासुद्धा जमीन खोटी पाडू शकते. मसादाकडे वळताना हे लक्षात असावे म्हणून ही हकीकत विस्ताराने दिली.

अर्थात वेस्पासियनचे वीस कोट त्यामुळे रद्द होत नाहीत. डोर्सेटमध्येच हॉड हिल म्हणून दुसरी टेकडी आहे. तेथे रोमन यंत्रांनी मारलेल्या बाणांची लोखंडी फाळे सापडली, आणि बहुतेक सारी एकाच मोठ्या झोपडीवर पडलेली. नायकाचे घर हेरून त्यावरच मारा केला, असा उत्खनन करणाऱ्या इयन रिचमंड यांचा निष्कर्ष. नंतर त्याच कोटाच्या एका कोपऱ्यात रोमनांनी आपले ठाणे बसविले. ह्याच रिचमंडांनी पुढे १९६२ साली मसादाभोवतीच्या रोमन वेढ्याच्या बांधकामांवर निबंध लिहिला. डोर्सेटची टेकडी आणि मृत समुद्राकाठचा डोंगर ही एकाच पोथीची पाने आहेत, हे जाणत्यांना तेव्हाच दिसले होते.

ही पोथी काय सांगते? आपण महाराष्ट्रातून आलेली माणसे. गड आणि वेढा हे शब्द आपल्याला शिकवावे लागत नाहीत. १६६० साली सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला, भर पावसातही तो उठविला नाही, तरी आषाढातल्या एका रात्री शिवाजी महाराज त्यातून निसटले. १६६५ साली मिर्झाराजे जयसिंग आणि दिलेरखान पुरंदरवर आले. त्यांनी आधी शेजारचा वज्रगड घेतला, मग लाकडी दमदमे उभारून तटाच्या उंचीला तोफा नेल्या. मुरारबाजी पडला, आणि अखेर तहात तेवीस किल्ले द्यावे लागले. पन्हाळ्याच्या वेढ्याला फट राहिली. पुरंदरच्या वेढ्याला घाई नव्हती. रोमनांनी ह्या दोन्ही गोष्टी पक्क्या नियमात बसविल्या होत्या. गडाभोवती स्वतःचाच तट बांधायचा, म्हणजे फट उरत नाही. आणि गडाला जाण्यास वाट नसेल तर वाट करायची. रोमन शिपायाजवळ तलवारीइतकीच कुदळ असे. तलवारीची आठवण ठेवणारे पुष्कळ आहेत, परंतु आमच्या मते गड घेतले ते कुदळीने.

इ. स. ६६ मध्ये यहुदिया पेटला. बादशहा नीरोने बंड मोडण्यास ज्याला निवडले तो हाच वेस्पासियन. त्याने ब्रिटन जिंकून दिले होते, हे त्याच्या निवडीचे एक कारण म्हणून योसेफस नमूद करतो. बरोबर त्याचा मुलगा तीतस होता. त्यानेही तरुणपणी ब्रिटनमध्ये लष्करी चाकरी केली होती.

६७ च्या उन्हाळ्यात बापलेक गालीलातल्या योदफतपुढे आले. गाव एका कड्यावर, तीन बाजूंना खोल दरी, फक्त उत्तरेकडून वाट. गडकरी होता स्वतः योसेफस, तोच पुढे इतिहासकार झाला. वेस्पासियनने पहिले काम केले ते रस्त्याचे : डोंगरातली पाऊलवाट चार दिवसांत सैन्य जाईल इतकी रुंद करून घेतली. मग उत्तरेच्या बाजूला माती-लाकडाचा चढाव रचण्यास प्रारंभ झाला आणि एकशे साठ यंत्रे सभोवार मांडली गेली. योसेफसने चढावासमोरचा तट आणखी उंच करायला घेतला. बांधणाऱ्यांवर दगड पडू नयेत म्हणून खांबांवर ताज्या सोललेल्या बैलांची ओली कातडी ताणली. दगड त्यात अडकत, जळते बाण विझत.

गडावर झरा नव्हता, टाक्यांतले पाणी मापाने मिळे. पाणीवाटपासाठी माणसे एके जागी जमतात हे रोमनांनी हेरले आणि नेमका तेथे मारा केला. तेव्हा योसेफसने फर्मावले, की कपडे पाण्यात बुचकळून तटावर वाळत घालावे. तट ठिबकू लागला. ज्यांच्याजवळ कपडे धुण्याइतके पाणी आहे ते तहानेने कसे मरतील, असे रोमनांना वाटावे ही युक्ती. रात्री पश्चिमेच्या ओढ्यातून निरोपे बाहेर पडत, पाठीवर मेंढीची कातडी घेऊन चार पायांवर रांगत. पाहणाऱ्याला कुत्री वाटावीत. ही वाटही अखेर बुजविली गेली.

मग आणला मेंढा. जहाजाच्या डोलकाठीएवढा ओंडका, टोकाला मेंढ्याच्या डोक्यासारखे लोखंड, दोरांनी टांगलेला, शेकडो हातांनी मागे ओढून तटावर सोडायचा. आतल्यांनी भुशाने भरलेली पोती दोरीने खाली सोडून त्याचे धक्के झेलले. रोमनांनी लांब काठ्यांना कोयते बांधून ते दोर कापले. तट ढासळला आणि रोमन फळ्या टाकून वर येऊ लागले, तेव्हा गडावरून उकळते तेल ओतले गेले. आणि त्यानंतर, वाचकहो, शिजविलेली मेथी! होय, योसेफस स्पष्ट लिहितो : फळ्यांवर शिजविलेली मेथी ओतली आणि रोमन घसरून एकमेकांवर पडू लागले. जगातल्या सर्वांत शिस्तबद्ध पलटणीला एका संध्याकाळपुरते मेथीने परतविले.

वेढा सत्तेचाळीस दिवस चालला. शेवटी कोणी एक फितूर रोमनांना जाऊन मिळाला : पहाटेच्या प्रहरी पहारेकरी थकून झोपतात, तेव्हा या. त्या पहाटे धुकेही होते. तीतस निवडक माणसांनिशी मुकाट्याने तट चढला. आपल्याकडे कित्येक गडांचे शेवट असेच आहेत.

योसेफस चाळीस जणांसह एका भुयारात लपला. शरण जाण्यापेक्षा एकमेकांस मारावे असे ठरले, चिठ्ठ्या पडल्या, आणि शेवटच्या दोघांत तो उरला. तो शरण गेला, 'तू बादशहा होशील' असे वेस्पासियनला सांगून जीव वाचविला, आणि वेस्पासियन खरोखर बादशहा झाल्यावर रोममध्ये त्याच्या आश्रयाने राहून त्याने हा सारा इतिहास लिहिला. म्हणजे आपला मुख्य साक्षीदार शत्रूच्या घरचे अन्न खात होता. तरीही त्याचे म्हणणे अगदी टाकाऊ नाही. १९९२ पासून काही वर्षे योदफत खणले गेले. तेथे बाणांची टोके, यंत्रांचे दगड, चढावाचे अवशेष आणि टाक्यांत गोळा केलेली माणसांची हाडे मिळाली.

त्याच वर्षीच्या हिवाळ्यापूर्वी गोलानमधल्या गामलाची पाळी आली. गाव उंटाच्या वशिंडासारख्या डोंगरावर, म्हणून नाव गामला. घरे उतारावर इतकी दाटीने चढलेली की एकाचे छप्पर ते दुसऱ्याचे अंगण. पहिल्या हल्ल्यात रोमन आत घुसले, गर्दीत छपरांवर चढले, आणि छपरे त्यांच्यासह कोसळली; खुद्द वेस्पासियन ढाली जुळवून कसाबसा मागे हटला. मग तिघा शिपायांनी रात्री एका बुरुजाच्या पायातले पाच दगड सरकविले आणि बुरुज खाली आला. तिश्री महिन्याच्या २३ तारखेस गामला पडले. योसेफसच्या म्हणण्याप्रमाणे चार हजार कापले गेले, पाच हजार कड्यावरून गेले, दोन स्त्रिया वाचल्या. आकडे त्याचे आहेत. श्मर्या गुटमन यांनी १९७६ पासून गामला खणले, तेव्हा सुमारे दोन हजार यंत्रगोटे आणि सोळाशे बाणांची टोके मिळाली. तटाला लागून एक सिनेगॉगही. तिच्या पायऱ्यांवर बसून लोकांनी तोरा ऐकली आणि त्याच पायऱ्यांवर दगड येऊन आदळले.

आता मसादा. इ. स. ७० मध्ये यरुशलेम आणि बेथ हमिकदाश पडल्यानंतर उरलेल्या गडांपैकी हा शेवटचा. फ्लावियस सिल्वा दहावी लीजन घेऊन आला, साल ७३ किंवा ७४. त्याने डोंगराभोवती सुमारे चार किलोमीटरचा तट आणि आठ छावण्या बांधल्या. त्या आजही जमिनीवर रेखल्यासारख्या दिसतात. पश्चिमेच्या एका नैसर्गिक सोंडेवर चढाव रचून त्यावर लोखंडाने मढविलेला बुरुज व मेंढा नेला. गडावर हेरोद राजाने खोदलेल्या टाक्यांत पाणी मुबलक होते. पाण्याची ददात वेढा घालणाऱ्यांना होती. ते पाणी आणि धान्य दुरून वाहून आणले कैदी यहुद्यांनी. हे योसेफसनेच लिहिले आहे, पण चित्रांतून ते कोणी दाखवीत नाही. आमच्या बालचित्रकारानेही लाल अंगरखे काढले, मशका वाहणारे काढले नव्हते.

एलाझार बेन याईरचे भाषण, चिठ्ठ्या, नऊशे साठ माणसांचा अंत, लपून वाचलेल्या दोन स्त्रिया आणि पाच मुले ही कथा सर्वांना ठाऊक आहे. ती सांगणारा योसेफस हा एकटाच, आणि चिठ्ठ्यांची गोष्ट त्याच्या स्वतःच्या भुयारात आधी एकदा घडून गेलेली आहे. यिगाएल यादीन यांनी १९६३ ते १९६५ मध्ये मसादा खणला. माणसांची हाडे मिळाली ती तीसच्या आतल्या जणांची. २०२४ साली तेल अवीव विद्यापीठाच्या संशोधकांनी वरून छायाचित्रे घेऊन वेढ्याच्या बांधकामाचे मोजमाप केले. त्यांच्या हिशेबाने पाच हजार माणसांनी तो तट आणि छावण्या दोनेक आठवड्यांत उभ्या केल्या असत्या. सारा वेढा काही आठवड्यांचाच. ज्या तीन वर्षांच्या झुंजीचे वर्णन आपण सहलींत ऐकतो, तिला ह्यात जागा नाही. यामुळे गडावरच्या लोकांचे धैर्य उणावते असे आम्हांस वाटत नाही. दोन आठवड्यांत आपल्याभोवती चार किलोमीटरची भिंत उगवताना वरून रोज पाहणे, हे तीन वर्षांपेक्षा सोपे खासच नव्हे.

एवढ्यावर लिहून थांबलो असतो, तर वेस्पासियनपुरता संबंध दाखविला असे झाले असते. पण साठ वर्षांनी हाच रस्ता पुन्हा वापरला गेला.

बादशहा हाद्रियन इ. स. १२२ मध्ये ब्रिटनला आला आणि उत्तरेत त्याची प्रसिद्ध भिंत सुरू झाली. दहा वर्षांनी, १३२ मध्ये, बार कोख्बाचे बंड उठले. इतिहासकार दिओ लिहितो, की हाद्रियनने आपले उत्तमोत्तम सेनापती तिकडे धाडले, आणि त्यांत पहिला ज्युलियस सेवेरस, जो त्या वेळी ब्रिटनचा सुभेदार होता. उपलब्ध माणसांतला सर्वोत्तम म्हणून त्याला जगाच्या ह्या टोकावरून उचलून यहुदियात नेले. तेथे त्याने काय केले? समोरासमोर लढाई टाळली. लहान लहान टोळ्या गाठल्या, त्यांना कोंडले, रसद तोडली. सावकाश, पण खात्रीने. दिओचे आकडे : पन्नास गड जमीनदोस्त, नऊशे पंच्याऐंशी गावे उद्ध्वस्त, पाच लाख ऐंशी हजार माणसे लढाईत पडली, उपासमारीने गेलेली वेगळीच. रोमनांचेही नुकसान एवढे झाले की हाद्रियनने सेनेटला लिहिताना 'मी आणि सैन्य कुशल आहोत' हे नेहमीचे वाक्य गाळले.

शेवटचा गड बेतार, यरुशलेमच्या नैर्ऋत्येला, टेकडीवर. भोवती रोमनांच्या वेढ्याच्या खुणा आहेत, आणि पायथ्याच्या झऱ्याजवळच्या एका शिलालेखात पाचव्या व अकराव्या लीजनची नावे. १३५ मध्ये, भुकेने आणि तहानेने, बेतार पडला. मिश्नाप्रमाणे तो दिवस आव महिन्याचा नववा. म्हणजे तिशा बेआव. आपल्या कोकणातल्या आज्या ज्याला बिरड्याचा सण म्हणत आल्या, तो.

आणि माणसे उलटीही आली. बार कोख्बाच्या युद्धात हाद्रियनच्या हाताखाली लढलेला लोलियस उर्बिकस हा १३९ च्या सुमारास ब्रिटनचा सुभेदार झाला आणि स्कॉटलंडवर चालून गेला. तेथे बर्न्सवर्क नावाच्या टेकडीच्या दोन बाजूंना दोन रोमन छावण्या आहेत. २०१५ पासूनच्या शोधात तेथे गोफणीच्या शिशाच्या गोळ्या शेकड्यांनी सापडल्या, काहींना बारीक भोके. फेकली की ती गोळी घोंगावते. शेतात पाखरे उडविणारी गोफण ज्याने ऐकली आहे त्याला, माणसांवर घोंगावत येणाऱ्या शिशाची कल्पना करता येईल. ही छावणी सरावाची होती असेही काही अभ्यासक मानतात. टेकडीवर सापडलेल्या गोळ्यांची संख्या पाहता आम्हांस तो खरा हल्ला वाटतो. योदफत, बेतार आणि स्कॉटलंडची टेकडी ह्यांवर एकाच लष्कराने हात चालविला, आणि त्याच्या रस्त्याचा एक तुकडा आपल्या घराखालून जातो.

हे सारे आम्ही गेल्या रविवारी त्या घरी जाऊन वाचून दाखविले. पोरीने शांतपणे ऐकले. "अंकल, म्हणजे आम्ही वर नव्हतो," ती म्हणाली, "पण राहतो त्यांच्या रस्त्यावर." मग तिने वही उघडली आणि लाल अंगरख्यांच्या मागे, चित्राच्या कोपऱ्यात, पेन्सिलीने मशका वाहणारी चार माणसे काढली. जागा कमी पडली म्हणून पाचव्याचे पाय पुढच्या पानावर गेले. येत्या रविवारी ती आमच्याबरोबर ब्रॉक्ली हिल चढणार आहे. आणखी कोणास यावयाचे असल्यास हाय स्ट्रीटच्या उत्तर टोकाशी साडेदहाला जमावे. चढण फार नाही, वारा मात्र असतो.

आजींनी बेतारपर्यंत डोळे मिटून ऐकले होते. आम्हांला वाटले त्या झोपल्या. आम्ही कागद घडी घालू लागलो तेव्हा त्यांनी विचारले,

"भाऊ, ती मेथी म्हणजे पाला, की दाणे?"

आम्ही म्हणालो, "योसेफसने तेवढे लिहिलेले नाही."

"दाणेच. पाल्याला बुळबुळ कुठली? रात्री भिजत घातले असतील, त्याशिवाय एवढे सुटत नाहीत," असे म्हणून त्या चहाचे आधण ठेवायला आत गेल्या.